लक्ष ही अमानत आहे

मराठीत एखाद्याचे कौतुक करायचे असले की आपण त्याला 'अष्टावधानी' म्हणतो. निरोप समारंभातली भाषणे आठवून पाहा. 'सर एकाच वेळी आठ आघाड्या सांभाळत', 'बाईंना जणू दहा हात होते', 'कुठल्याही कामाला नाही म्हणाले नाहीत'. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो निघतो. या टाळ्यांच्या आवाजात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. आठ ठिकाणी अवधान देणाऱ्या माणसाकडून त्या आठांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला काय आले?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दूतला 'तवज्जो' आणि मराठीतला 'लक्ष' हे दोन्ही शब्द आमच्या तोंडी दिवसभर असतात. मुलांना आम्ही शंभरदा सांगतो, लक्ष द्या. पण लक्ष ही चीज काय आहे, ती कुणाच्या मालकीची आहे, आणि ती कापून वाटण्याचा अधिकार कुणाला आहे, याचा विचार करायला शाळेच्या वेळात फुरसत मिळत नाही. तो विचार येथे करून पाहायचा आहे. प्रश्न फक्त शिक्षकांचा नाही. सरकारी दवाखान्यातली नर्स, बँकेच्या काउंटरवरचा कारकून, अंगणवाडी सेविका, दुकानातला नोकर, अशा ज्यांच्या ज्यांच्या समोर दुसरे माणूस येऊन उभे राहते, त्या सर्वांचा तो आहे.

आधी त्या 'अष्टावधान' शब्दाकडे पाहू. मुळात ती एक कला आहे आणि तेलुगू व कन्नड मुलखात ती अजून जिवंत आहे. व्यासपीठावर एक कवी बसतो आणि समोर आठ पृच्छक. कुणी समस्यापूर्ती मागतो, कुणी अमुक अक्षर न वापरता श्लोक रचायला सांगतो, कुणी मध्येच भलताच प्रश्न विचारून त्याचे चित्त उडवू पाहतो, कुणी अधूनमधून घंटा वाजवतो आणि शेवटी विचारतो की टोले किती झाले. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस आठ कामे एकदम करतो आहे. पण बारकाईने पाहिले तर पृच्छक एकामागून एक बोलतात, कवी एका वेळी एकालाच उत्तर देतो आणि बाकीचे स्मरणात धरून ठेवतो. शिवाय ही बहुतेक कामे भाषा आणि कविता या एकाच घरातली. वर्षानुवर्षे रियाज केलेला माणूस एखाद्या संध्याकाळी हे करून दाखवतो, म्हणून लोक तोंडात बोट घालतात. तेच रोज सकाळी सातपासून, महिन्याचे पंचवीस दिवस, कुठलाही रियाज नसताना करायला सांगितले तर त्याला कला म्हणत नाहीत. त्याला वेठ म्हणतात.

आता शाळेतले अवधान पाहू. प्राथमिक शाळेचा शिक्षक सकाळी वर्गावर जातो तेव्हा त्याच्यासोबत काय काय जाते? हजेरीपत्रक आणि फळ्याचा खडू हे तर पूर्वीपासूनचेच. त्यात शालेय पोषण आहाराची भर पडली. शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला, आणि तो योग्यच होता, कारण उपाशी पोटी कुठलीच तालीम होत नाही. पण तांदळाचा साठा, रोजची उपस्थिती, डाळ-तेलाचा हिशेब आणि चवीची नोंदवही यांचे ओझे बहुतेक ठिकाणी शिक्षकांच्याच डोक्यावर आले. मग २०१५ पासून 'सरल' प्रणाली आली. यू-डायस आहे. आधारची पडताळणी आहे. आमच्या मुलांच्या बाबतीत त्यात आणखी एक मेख आहे. 'मोहम्मद' हे एकच नाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात तिसरे. संगणक म्हणतो, ही तीन वेगळी मुले आहेत. ते एकच मूल आहे हे सिद्ध करण्यात शिक्षकाची तासिका जाते, आणि ते मूल त्याच वेळी समोर बाकावर बसून वाट पाहत असते.

त्यात व्हॉट्सॲपचा गट. 'ही माहिती आज बारा वाजेपर्यंत पाठवावी.' हा संदेश साडेदहाला येतो. परिपत्रक मराठीत, वर्ग उर्दूत आणि पोर्टल इंग्रजीत, म्हणजे एका डोक्यात तीन लिप्या. लहान शाळांचे हाल आणखी वेगळे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन माणसे. एका भिंतीकडे तोंड करून तिसरी, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून चौथी, आणि मधल्या वाटेवर उभा शिक्षक.

याला आजकाल 'मल्टिटास्किंग' असे रुबाबदार नाव आहे. नोकरीच्या जाहिरातीत ते गुण म्हणून मागितले जाते. पण हा शब्द जन्माने माणसाचा नाहीच. तो १९६० च्या दशकात संगणकांच्या संदर्भात पुढे आला. त्यातही गंमत अशी की एकच प्रोसेसर असलेले ते यंत्र खरोखर दोन कामे एकदम करत नव्हते. ते एका कामाला क्षणाचा तुकडा देई, मग दुसऱ्याला, मग पुन्हा पहिल्याला, आणि हे इतक्या वेगाने की पाहणाऱ्याला सगळे एकदम चालल्यासारखे वाटे. आणखी एक गोष्ट. एक काम सोडताना आपण नेमके कुठे होतो हे ते यंत्र जसेच्या तसे नोंदवून ठेवी, आणि परत आले की तिथूनच पुढे सुरू करी. यंत्राला हे जमते, कारण त्याला खंत नसते, काळजी नसते, आणि मागच्या कामाची हुरहुर त्याच्या मागे येत नाही.

माणसाचे तसे नाही. आर्थर जेर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच दाखवले होते की दोन प्रकारच्या क्रिया आळीपाळीने करायला लावल्या तर त्या वेगवेगळ्या करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. २००१ मध्ये रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स या संशोधकांनी हीच गोष्ट अधिक तपशिलाने मांडली. कामे जितकी गुंतागुंतीची, तितकी एकावरून दुसऱ्यावर जाण्याची किंमत जास्त. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये त्याला एक समर्पक नाव दिले, 'लक्षाचा अवशेष'. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळतो तेव्हा मनाचा एक तुकडा पहिल्यापाशीच अडकून राहतो. भांडे रिकामे केले तरी तळाला चिकटलेले राहावे तसे.

पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ सालचा निष्कर्ष. त्यांना आढळले की मध्ये मध्ये अडवले गेलेले लोक काम कमी वेळात उरकतात. माणूस घाईघाईने वेळ भरून काढतो. मात्र त्याची किंमत म्हणून त्याचा ताण वाढतो, चडफड वाढते, दडपण वाढते. हे नीट समजून घेतले पाहिजे. वरच्या अधिकाऱ्याला फक्त एवढेच दिसते की माहिती बाराच्या आत आली. म्हणजे पद्धत उत्तम चालली आहे! जे भरले ते नोंदवहीत दिसते आणि जे झिजले ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही. आपल्याकडे 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी म्हण आहे. आजच्या व्यवस्थेत चिंध्या मोजल्या जातात आणि भरपूर निघाल्या म्हणून शाबासकी मिळते.

येथे कुणी म्हणेल की आपल्या आया, आजी काय करत होत्या? तव्यावर भाकरी, शेजारी दूध, पाठीशी पाळणा, दारात भाजीवाला, आणि तोंडाने मुलाचा पाढा घेणे. त्यांनी कधी तक्रार केली का? हा आक्षेप वरवरचा नाही. हाताला सवय झालेले काम आणि मन लावून करायचे काम यांत फरक असतो. भाकरी थापणाऱ्या हाताला मनाची फारशी गरज उरत नाही, म्हणून त्या वेळी पाढा घेता येतो. पण मुलाला ताप असेल आणि त्याच्या श्वासाकडे पाहायचे असेल तर तीच आई तवा खाली उतरवते. ते तिला कुणी शिकवावे लागत नाही. दुसरे असे की बायकांना अनेक कामे एकदम जमतात, तो त्यांचा उपजत गुण आहे, हे कौतुक तपासून घेण्यासारखे आहे. ज्याला आपण हात लावणार नाही असे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकायचे असले की आधी त्याच्या अंगातला गुण शोधून काढावा लागतो. आमच्या शाळांतल्या शिक्षिकांना हे दोनदा सोसावे लागते, एकदा चुलीपाशी आणि एकदा स्टाफरूममध्ये.

आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांचे वडील यंत्रमागावर जातात. त्यांना मल्टिटास्किंग हा शब्द माहीत नाही, पण त्याचा अर्थ आमच्यापेक्षा चांगला कळतो. एक माणूस चार माग पाहतो, सहा पाहतो, कुठे कुठे आठही. धोट्यातली कांडी संपली की बदलायची, तार तुटला की जोडायचा, आणि एका मागावर वाकलेले असताना दुसऱ्याच्या आवाजातला फरक कानाने ओळखायचा. मजुरी कापडाच्या मीटरवर. बारा तासांची पाळी. एका माणसाने किती माग सांभाळायचे, हा आपल्या भागातला फार जुना झगडा आहे. एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांमधले सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि तो संप सहा महिने चालला. त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक हेच होते. दोन माग पाहणाऱ्या विणकराने आता तीन पाहावेत, असा काही मालकांचा आग्रह होता. कामगारांना त्यात दोन धोके दिसले. एकाचे काम वाढते आणि दुसऱ्याचे काम जाते.

त्या विणकरांचे म्हणणे आज शंभर वर्षांनी शाळेत, दवाखान्यात आणि कचेरीत लागू पडते. शाळेत लिपिक नसतो, कारण शिक्षक ते काम करतो. शिक्षक ते काम करतो, म्हणून लिपिकाची गरज कुणाला दिसत नाही. एका माणसाच्या अष्टावधानात सात माणसांची रिकामी खुर्ची लपलेली असते. गावात डी.एड., बी.एड. झालेली मुले शिक्षकाच्या जागेची वाट पाहत वय घालवतात आणि शाळेत एक शिक्षक तिघांचे काम करून आजारी पडतो. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

मात्र मागात आणि वर्गात एक फरक आहे, आणि आमचा सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. मागावर लक्ष कमी पडले तर तार तुटतो, माग थांबतो, कापडात दोष दिसतो. नुकसान लगेच डोळ्यांसमोर येते. वर्गात लक्ष कमी पडले तर काय थांबते?

हे समजण्यासाठी एक वेगळे क्षेत्र पाहू. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लट शहराजवळ एक प्रवासी विमान उतरताना कोसळले आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. चौकशीत दिसले की उतरण्याच्या वेळी वैमानिकांच्या कक्षात राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा चालल्या होत्या. अशा अपघातांतून धडा घेऊन तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८१ मध्ये नियम केला. विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकाने उड्डाणाशी संबंध नसलेले कुठलेही काम करायचे नाही, आणि त्याला ते कुणी सांगायचेही नाही. गप्पाही नाहीत आणि कंपनीचे कागदही नाहीत. म्हणजे लक्ष विभागले तर माणसे मरतात हे पटले की समाजाला लक्षाभोवती कुंपण घालता येते. दवाखान्यांतही हे मोजून पाहिले गेले. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांमध्ये नर्स औषधे देत असताना त्यांना किती वेळा अडवले जाते याची पाहणी झाली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दर अडथळ्यामागे चुकांचे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी वाढलेले आढळले.

वैमानिकाच्या लक्षाभोवती कुंपण आहे, कारण विमान पडले की सर्वांना दिसते. वर्गात पडलेले मूल दिसत नाही. उर्दूची मुळाक्षरे ज्यांनी गिरवली आहेत त्यांना हे चटकन कळेल. 'बे', 'पे', 'ते', 'से' या चार अक्षरांचा आकार एकच. फरक फक्त नुक्त्यांचा. 'बे'च्या खाली एक, 'पे'च्या खाली तीन, 'ते'वर दोन, 'से'वर तीन. पहिलीतले मूल नुक्ता वर देते की खाली हे पाहायला शिक्षकाला त्याच्या पाटीवर वाकावे लागते, त्याच्या बोटाचा वेग पाहावा लागतो. मूल घाईने चुकले, की त्याला वर-खाली हा भेदच अजून उमगलेला नाही, की त्याला फळ्यावरचे दिसतच नाही? या तीन कारणांवर तीन वेगवेगळे उपाय आहेत, आणि कोणते खरे ते अर्ध्या मिनिटाच्या पूर्ण लक्षाने कळते. ते अर्धे मिनिट त्या दिवशी मिळाले नाही तर काही कोसळत नाही. मूल गप्प बसते. दुसरीत जाते, तिसरीत जाते. आठवीत कुणीतरी म्हणते, हा मुलगा कच्चा आहे. मग तो मागावर जातो. चौकशी समिती नेमली जात नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की अनेक कामे एकदम करण्याने काम वाढत नाही, नुकसान सरकते. आणि ते नेहमी एकाच दिशेला सरकते, ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्याकडे. पोर्टलला शेवटची तारीख असते, तिच्यापाठी नोटीस असते. साहेबाला आवाज असतो. मुलाला यांतले काहीच नसते. रुग्णालयाच्या रांगेतल्या म्हाताऱ्या खालाला नसते, आणि काम करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीरालाही नसते. शरीर बिचारे पाठदुखीच्या, रक्तदाबाच्या, रात्री न लागणाऱ्या झोपेच्या भाषेत बोलते, आणि आपण ती भाषा वयाच्या नावावर खपवतो. शरीराचाही माणसावर हक्क असतो, ही गोष्ट आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते. पाळायची वेळ आली की तो हक्क सर्वांत शेवटी आठवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लक्ष कुणाच्या मालकीचे? एक उत्तर असे की नोकराने वेळ विकलेला आहे. पगार देणारा त्या वेळात जे सांगेल ते करावे, एक काम सांगो की दहा. या उत्तरात एक गफलत आहे. वेळ विकता येतो, कारण तो घड्याळाने मोजता येतो. लक्ष असे विकता येत नाही, ते समोरच्याला द्यावे लागते. आणि एकदा पालकाने आपले मूल शाळेच्या दारात सोडले की ते लक्ष नोकराचे राहत नाही, मालकाचेही राहत नाही. ते त्या मुलाचे होते. आपल्या वाचकांना 'अमानत' शब्दाचा अर्थ सांगायला नको. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती. ती सांभाळणाऱ्याने ती गहाण ठेवू नये हे तर उघड आहे. पण 'ही अमानत जरा बाजूला ठेव आणि माझे काम कर' असे तिसऱ्याने सांगणे हीसुद्धा त्या अमानतीतली खयानतच आहे. तिचा दोष फक्त सांभाळणाऱ्यावर टाकून चालणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या समाजाला जवळचा आहे. जनगणना, निवडणूक, मतदार यादी ही कामे क्षुद्र आहेत का? मुळीच नाहीत. कायद्यानेही ती मानलेली आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आहे. त्याला अपवाद तीनच, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मतदार यादीतून एखाद्याचे नाव गळणे म्हणजे काय, हे ज्यांना वारंवार कागद दाखवावे लागतात त्यांना कुणी शिकवायला नको. त्या यादीवर काम करणाऱ्यानेही पूर्ण लक्ष दिले पाहिजे. तिथेही 'शेख' आणि 'शैख' हा एका मात्रेचा फरक कुणाचा तरी हक्क हिरावू शकतो. ते कामही अमानतच आहे. म्हणूनच आमचे म्हणणे अधिक ठाम होते. एका हातात, एकाच तासाला, दोन अमानती देणे हा दोन्हींवर अन्याय आहे. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदार याद्यांच्या कामाबद्दल हेच सांगितले होते. हे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, शिकवण्याच्या दिवशी शिकवण्याच्या वेळेत देऊ नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये अनेक राज्यांत मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू असताना मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांच्या मृत्यूच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या. त्यांतले बरेचसे अधिकारी शिक्षक आणि अंगणवाडी सेविका असतात. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की जादा माणसे द्या आणि ओझे कमी करा. ही गोष्ट सांगायला न्यायालय लागावे, यातच सर्व आले.

मग उपाय काय? हल्ली ठिकठिकाणी कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याची शिबिरे होतात. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, छंद जोपासा. श्वास घ्यायला आमची हरकत नाही. पण शिबिराच्या हजेरीचा फोटो त्याच दिवशी गटावर टाकायचा असतो, तेव्हा ते शिबिरही नववे अवधान होऊन बसते. ज्या माणसाच्या डोक्यावर पाच पोती आहेत त्याला मान मजबूत करण्याचे व्यायाम शिकवणे म्हणजे दया नव्हे. पोती उतरवा.

यासाठी फार लांब जायला नको. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधान मंडळ होते हे तिसरी-चौथीतले मूलही सांगते. ज्या राजाला सर्व अवधाने होती त्यानेही आठ कामांना आठ माणसे नेमली. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. आठांपैकी बहुतेकांना प्रसंगी लढाईवर जावे लागे, पण न्यायाधीश आणि पंडितराव या दोघांना त्यातून वगळलेले होते. ज्याच्यासमोर माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन येणार आणि ज्याच्याकडे विद्येचा व धर्माचा कारभार आहे, त्याच्या हाती तलवारही देऊ नये, एवढे शहाणपण त्या काळच्या व्यवस्थेत होते. शिक्षकाची जागा या दोघांच्या शेजारी आहे. प्रत्येक केंद्राला माहिती भरणारा एक लिपिक, पोषण आहाराला स्वतंत्र माणूस, आणि शिकवण्याच्या तासांत एकही संदेश न पाठवण्याचा नियम, एवढे झाले तरी दहा हजार फुटांखालच्या त्या नियमाचा थोडासा अंश आमच्या वर्गात येईल.

तोवर आम्ही काय करावे? हात बांधून बसणे हाही पळ काढण्याचाच प्रकार झाला. फोन कपाटात ठेवून वर्गावर जाता येते. बाराची माहिती सुट्टी झाल्यावर पाठवता येते, आणि कारण विचारले तर 'शिकवत होतो' हे कारण मान खाली न घालता सांगता येते. हे एकट्याने केले तर त्याला नोटीस मिळते, दहा जणांनी मिळून केले तर बैठक बोलावली जाते. १९२८ च्या विणकरांना एवढे तरी कळले होते. पालकांनाही यात घेता येईल. जो बाप रात्रपाळीत सहा माग सांभाळून सकाळी मुलाला शाळेत सोडायला येतो, त्याला 'एका माणसाने किती सांभाळायचे' हे समजावून सांगावे लागत नाही. तो आपला पहिला साथीदार व्हावा.

आणि एक गोष्ट तर आजपासून करता येईल. अष्टावधानी म्हणून कुणाचे कौतुक होऊ लागले की टाळी वाजवण्यापूर्वी विचारावे, या आठांतले कुठले काम या माणसाचे होते, आणि बाकीची सात कुणाची होती? बरकत कामाच्या संख्येत नसते. पाटीवर चुकलेला एक नुक्ता जागेवर आणून दिला, मुलाने मान वर करून पाहिले आणि त्याला कळले, एवढे एका तासात झाले तर त्या तासाचा हिशेब पुरा झाला. त्या मुलाला आपल्याकडून दुसरे काही येणे नव्हते. जे येणे होते ते त्याला पुरे मिळू द्या.